पगारातून निघणारी राजकीय वर्गणी

महाराष्ट्रात निवडणुकीच्या पैशाची चर्चा निघाली की ती बहुधा उद्योगपती, कंत्राटदार, बांधकाम व्यावसायिक आणि साखर कारखानदार यांच्याभोवती फिरते. ज्याच्या हाती दरमहा ठरलेला पगार पडतो आणि ज्याचा आयकर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, तो नोकरदार या चर्चेत मतदार म्हणून येतो, देणगीदार म्हणून मात्र क्वचितच. वास्तविक राजकीय पक्षाला मिळणाऱ्या पैशात कंपनीचा पैसा, मालकाचा खासगी पैसा आणि कर्मचाऱ्याचा पगारातला पैसा असे तीन निरनिराळे प्रवाह असतात. पहिला भागधारकांचा असतो, दुसरा धनिकाच्या मर्जीचा आणि तिसरा श्रमाच्या मोबदल्याचा, म्हणून प्रत्येकाबाबत उभे राहणारे प्रश्नही वेगळे आहेत. पहिल्या दोन प्रवाहांवर संसदेत आणि न्यायालयांत गेली सत्तर वर्षे वाद चालू आहे. तिसऱ्याबाबत भारतीय कायद्याने एकदाच, तेही ब्रिटिश अमदानीत, नीट विचार केला आणि नंतर तो विषय बाजूला ठेवला, असे म्हणावे लागते.

वऱ्हाडात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण येथे ‘कर्मचारी’ म्हणजे कंपनीचाच नोकर असे समीकरण नाही. अकोल्यातील सावतराम आणि मोहता या गिरण्या, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल यांच्या काळात गिरणी कामगार हा या भागातला मोठा संघटित नोकरदार वर्ग होता. आज अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत पगारदार शोधायचा तर जिल्हा परिषद, महसूल खाते, एसटी, महावितरण, शिक्षणसंस्थांच्या शाळा-महाविद्यालये, अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, सहकारी बँका आणि त्यानंतर एमआयडीसीतील कारखाने अशा क्रमाने जावे लागते. एकाच चाळीत राहणारे तलाठी, अनुदानित शाळेतील शिक्षक, जिनिंगमधील फिटर आणि खासगी बँकेतील कारकून यांनी एकाच उमेदवाराला पाचशे रुपये दिले, तरी त्या पाचशे रुपयांचा कायदेशीर अर्थ प्रत्येकाबाबत सारखा नसतो.

कर्मचाऱ्यांच्या देणग्या हा स्वतंत्र विषय म्हणून प्रथम अमेरिकेत उभा राहिला आणि त्याचे कारण समजले की भारतातील परिस्थितीही स्पष्ट होते. अमेरिकेने १९०७च्या टिलमन कायद्याने कंपन्यांना राष्ट्रीय निवडणुकीत उमेदवाराला थेट पैसे देण्यास मनाई केली. पुढे चाळीसच्या दशकात कामगार संघटनांच्या निधीवरही तशीच बंदी आली. संस्थेच्या तिजोरीतून पैसा देता येत नाही, पण संस्थेतील माणसांना स्वतःच्या खिशातून देता येतो, हे ध्यानात घेऊन सीआयओ या कामगार महासंघाने १९४३मध्ये सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालणारी वेगळी राजकीय समिती स्थापन केली. हीच पद्धत नंतर कंपन्यांनी उचलली आणि १९७१च्या निवडणूक प्रचार कायद्याने व त्यातील १९७४च्या दुरुस्तीने तिला पक्की चौकट मिळाली. अशा समितीला ‘पॅक’ म्हणतात. कंपनी तिचा कार्यालयीन खर्च सोसू शकते, परंतु उमेदवाराला जाणारा पैसा व्यवस्थापक वर्ग व भागधारक यांनी स्वेच्छेने दिलेला असावा लागतो आणि वर्गणी नाकारणाऱ्याला त्याबद्दल त्रास देता येत नाही. शिवाय एखाद्याने वर्षभरात किंवा निवडणूक-चक्रात उमेदवाराला दोनशे डॉलरहून अधिक रक्कम दिली, तर त्याचे नाव-पत्ता यांच्याबरोबर त्याचा व्यवसाय आणि तो कोणाकडे नोकरी करतो हेही नोंदवावे लागते. अमुक कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अमुक पक्षाला इतके डॉलर दिले, अशा बातम्या तेथे छापता येतात त्या या एका रकान्यामुळे.

या व्यवस्थेची पळवाटही उघड आहे. मालकाने आपल्या हाताखालच्या माणसाच्या नावाने देणगी द्यायची आणि मागाहून त्याला तेवढे पैसे भरून द्यायचे, म्हणजे व्यक्तीवरील मर्यादा कागदावर पाळली जाते आणि प्रत्यक्षात मोडली जाते. अमेरिकी कायदा याला गुन्हा मानतो. मुंबईत गोव्याच्या कुटुंबात जन्मलेले आणि अमेरिकेत उजव्या विचारांचे लेखक म्हणून नाव मिळवलेले दिनेश डिसूझा यांनी २०१२च्या न्यूयॉर्कमधील सिनेट निवडणुकीत इतरांच्या नावांनी वीस हजार डॉलर दिल्याची कबुली २०१४मध्ये न्यायालयात दिली. ज्यांची नावे वापरली गेली त्यांत त्यांचा एक साहाय्यकही होता. त्यांना दंड आणि परिवीक्षेची शिक्षा झाली, पुढे २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. रक्कम तशी किरकोळ होती; कायद्याचा आक्षेप होता तो नोकराचे नाव मालकाच्या पैशाला चिकटवण्यावर.

भारताने मात्र उलटी वाट धरली. येथे कंपनीला देणगी देण्याची मुभा बहुतांश काळ राहिली आणि त्यामुळे कर्मचाऱ्यांकडे वळण्याची गरजच कोणाला पडली नाही. या वाटचालीतील पहिले महत्त्वाचे वळण मुंबईतले आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षाला निधी देता यावा म्हणून आपल्या संस्थापन समयलेखात, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, बदल करायचे ठरवले आणि एका भागधारकाने त्यास हरकत घेतली. १९५७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्यामुळे बदलाला मान्यता दिली खरी, परंतु मोठ्या कंपन्यांच्या पैशामुळे लोकशाहीला धोका संभवतो आणि संसदेने याकडे लक्ष द्यावे, असा स्पष्ट इशाराही दिला. संसदेने १९६०मध्ये मर्यादा घातली, १९६९मध्ये कंपनी-देणग्यांवर संपूर्ण बंदी आणली आणि १९८५मध्ये ती उठवून मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगीला परवानगी दिली. २०१३च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा साडेसात टक्के केली. २०१७मध्ये ती काढून टाकण्यात आली, निवडणूक रोख्यांची योजना आली आणि देणगीदाराचे नाव जनतेपासून झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रोखे योजना घटनाबाह्य ठरवली आणि तिच्यासोबत आलेल्या कायदादुरुस्त्याही रद्द केल्या, त्यामुळे नफ्याशी जोडलेली मर्यादा पुन्हा लागू झाली.

या सगळ्या वादात भागधारकाचा विचार झाला, मतदाराचा माहितीचा अधिकार मान्य झाला, तोट्यातील कंपनीने देणगी द्यावी का हेही तपासले गेले. कंपनीत राबणाऱ्या माणसाचा मात्र त्यात उल्लेख जवळजवळ नाही. कायद्यानुसार देणगीसाठी संचालक मंडळाचा ठराव लागतो. ज्या कामगाराच्या बोनसची बोलणी त्याच नफ्यावर व्हायची असतात, त्याला त्या ठरावाची माहिती देण्याचेही बंधन नाही. कंपनीची अधिकृत देणगी मार्गी लागल्यावर कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक समित्या उभारण्याचे कारण उरत नाही, हा हिशेब एकदा लक्षात आला म्हणजे भारतात ‘पॅक’ का रुजले नाहीत, याचे वेगळे उत्तर शोधावे लागत नाही.

नोंदीच्या पद्धतीतही हीच उणीव दिसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१मधील कलम २९ क नुसार प्रत्येक पक्षाला वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक देणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाकडे सादर करावी लागते. त्यासाठीच्या २४ अ क्रमांकाच्या नमुन्यात नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि ती कशा प्रकारे दिली हे लिहिण्याचे रकाने आहेत. देणगीदार कोठे नोकरी करतो, हे विचारलेले नाही. वीस हजारांच्या आतील देणगीदाराचे नाव तर पक्षाने आयोगाला कळवण्याचीही गरज नाही. दोन हजारांहून अधिक रक्कम पक्षाने रोखीने घेतली तर त्याची आयकरातील सवलत धोक्यात येते, पण पावतीपुस्तकावर पाचशे-हजार रुपये रोख घेण्यास आडकाठी नाही. पगारदाराची देणगी बहुधा याच टप्प्यातली असते, म्हणून ती सार्वजनिक दप्तरात उमटतच नाही. उद्या एखाद्या कारखान्याच्या शंभर कर्मचाऱ्यांच्या नावांनी प्रत्येकी एकोणीस हजार नऊशे रुपये एकाच पक्षाच्या खात्यात जमा झाले, तर कागदोपत्री ते शंभर वेगवेगळ्या नागरिकांचे राजकीय प्रेम ठरेल.

कर्मचाऱ्याच्या राजकीय पैशाबद्दल भारतीय कायद्याने जेथे खरोखर बारकाईने विचार केला, ती जागा म्हणजे १९२६चा कामगार संघटना अधिनियम. या कायद्याची मुळे दोन देशांत आहेत. इंग्लंडमध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेचा सभासद असलेल्या ऑस्बर्न नावाच्या पोर्टरने, आपल्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसे देण्यास हरकत घेतली आणि १९०९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या काळी ब्रिटिश खासदारांना वेतन नव्हते आणि कामगार खासदारांचा संसार संघटनांच्या पैशावरच चाले, त्यामुळे हा निकाल मजूर पक्षाच्या मुळावर आला. १९११मध्ये खासदारांना वेतन सुरू झाले आणि १९१३च्या कायद्याने तडजोड निघाली: संघटनेने राजकारणासाठी वेगळा निधी ठेवावा आणि ज्याला त्यात पैसा द्यायचा नसेल त्याला मोकळीक असावी. भारतात मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या तंट्यात कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी नुकसानभरपाईचा दावा लावल्यानंतर संघटनांना कायद्याचे संरक्षण नाही हे उघड झाले, आणि ना. म. जोशी यांनी १९२१मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अशा संरक्षणाचा ठराव मांडला. पाच वर्षांनी झालेल्या कायद्यात इंग्लंडमधील तडजोड कलम १६च्या रूपाने आली.

हे कलम आजही वाचनीय आहे, कारण त्यात राजकीय पैशाचा उपयोग मोघम न ठेवता नेमका सांगितलेला आहे. कायदेमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या उमेदवाराचा निवडणूक खर्च, त्याच्या समर्थनार्थ सभा व पत्रके, निवडून आलेल्या प्रतिनिधीचा चरितार्थ, मतदार नोंदणी व उमेदवाराची निवड, आणि एकूण राजकीय सभा व साहित्य, अशा कामांसाठी नोंदणीकृत संघटनेला निधी उभारता येतो. मात्र तो नेहमीच्या सभासद-वर्गणीतून उचलायचा नाही, त्यासाठी वेगळी वर्गणी घ्यायची आणि वेगळा हिशेब ठेवायचा. कोणाही सभासदावर या निधीसाठी सक्ती करता येत नाही. वर्गणी न देणाऱ्याला संघटनेच्या कोणत्याही लाभातून वगळता येत नाही, त्या निधीच्या व्यवस्थापनात त्याला भाग नसला तर नसो. आणि राजकीय वर्गणी देण्याच्या अटीवर सभासदत्व देता येत नाही. गिरणीच्या फाटकावर संघटनेची पावती फाडणाऱ्या कामगाराला, कामगार म्हणून एकजूट आणि नागरिक म्हणून स्वतंत्र मत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी राखता याव्यात, असा त्यामागील विचार आहे. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनेही वेगळ्या निधीची ही कल्पना टिकवली आहे.

कागदावरची ही व्यवस्था प्रत्यक्षात फारशी वापरली गेली नाही, यामागे संघटना आणि पक्ष यांचे नाते आहे. आयटक कम्युनिस्टांची, इंटक काँग्रेसची आणि भारतीय मजदूर संघ संघपरिवारातला, ही ओळख कामगाराला तोंडपाठ असल्यामुळे वेगळ्या राजकीय निधीची औपचारिकता अनेकांना अनावश्यक वाटली. पक्षाचा कार्यकर्ता आणि संघटनेचा पदाधिकारी बहुधा एकच असे. डाव्या पक्षांत तर पगारातून पक्षाला पैसा देण्याची निराळीच रीत आहे. त्यांच्या सभासदाला आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात दरमहा ‘लेव्ही’ द्यावी लागते आणि आमदार-खासदारही तिच्यातून सुटत नाहीत. ही वर्गणी स्वेच्छेची असते ती पक्षात शिरण्यापुरती. एकदा सभासद झाल्यावर ती शिस्तीचा भाग ठरते. १९८९मध्ये अमरावती लोकसभा मतदारसंघातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून आले, तेव्हा मोठे भांडवल पाठीशी नसलेल्या पक्षालाही वऱ्हाडात लोकसभेची जागा जिंकता येते हे दिसले. दोनच वर्षांनी ती जागा काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांच्याकडे गेली. त्यानंतर वऱ्हाडातील गिरण्या एकामागून एक थंडावल्या. अचलपूरची जुनी गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने फिनले मिल म्हणून नव्याने उभी केली, पण २०२०च्या टाळेबंदीत तिचीही यंत्रे थांबली. राजकीय निधीचे कलम कायद्यात शिल्लक राहिले आणि ते ज्यांच्यासाठी केले होते तो वर्ग विरळ झाला.

शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर ‘ऐच्छिक’ हा शब्दच लागू होत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९मधील नियम ५ प्रमाणे त्याला राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही, राजकीय चळवळीत भाग घेता येत नाही आणि तिच्यासाठी वर्गणीही देता येत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४च्या नियमांत अशीच तरतूद आहे. नोकरशाही तटस्थ राहावी हा हेतू रास्त आहे. तथापि ज्या समाजांतून पहिली शिकलेली पिढी थेट सरकारी नोकरीत गेली, त्या समाजांच्या राजकारणाला या नियमाने अवघड पेचात टाकले. व्यापारी नाहीत, कारखानदार नाहीत, मोठे जमीनदार नाहीत, नियमित उत्पन्न असलेला एकमेव वर्ग म्हणजे नोकरदार, आणि नेमक्या त्याच वर्गाला राजकीय वर्गणी देण्याची मनाई.

या पेचातून काढलेली वाट महाराष्ट्रातच, पुण्यात, आकाराला आली. तेथील संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरी करणारे कांशीराम आणि त्याच आस्थापनेतील डी. के. खापर्डे यांनी, डॉ. आंबेडकर आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्यावरून उठलेल्या वादानंतर, मागास आणि अल्पसंख्य समाजांतील शिक्षित कर्मचाऱ्यांना संघटित करण्याचे ठरवले. १९७३पासून ही जुळवाजुळव सुरू झाली आणि ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ ही संघटना औपचारिकरीत्या स्थापन झाली. तिने स्वतःला अराजकीय, बिगरआंदोलनात्मक आणि अधार्मिक म्हणवून घेतले, आणि ही विशेषणे केवळ धोरणाची नव्हती. वर्तणूक नियमांच्या कक्षेत राहून कर्मचाऱ्याला पैसा देता यावा, याची तजवीज त्यांत होती. नोकरदाराने आपली बुद्धी, वेळ आणि पैसा यांच्या रूपाने समाजाचे ऋण फेडावे, ही तिची शिकवण. आंदोलनासाठी १९८१मध्ये डीएस-फोर आणि निवडणुकीसाठी १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष, अशी पुढची पावले वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या चौकटीत टाकण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या पैशातून विचारांची बांधणी, त्या बांधणीतून कार्यकर्ते आणि कार्यकर्त्यांतून पक्ष, असा हा क्रम होता. ज्यांना मोठ्या भांडवलाचा आधार नव्हता त्यांनी पगारदाराच्या छोट्या वर्गणीवर देशव्यापी पक्षाचा पाया घातला, ही स्वतंत्र भारताच्या राजकीय अर्थकारणातील असामान्य घटना आहे. तिच्याकडे अभ्यासकांनी जातीच्या राजकारणाचा भाग म्हणून पाहिले तेवढे निवडणूक-निधीचा प्रयोग म्हणून पाहिलेले नाही.

खासगी नोकरदाराला मात्र असे बंधन नाही. तो पक्षाचा सभासद होऊ शकतो, पैसे देऊ शकतो, प्रचारही करू शकतो. त्याचे रक्षण कायदा दुसऱ्या बाजूने करतो. मालकाने पगारातून कोणत्या रकमा कापाव्यात हे १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमाने मोजून सांगितले आणि २०१९च्या वेतन संहितेने तोच साचा ठेवला. भविष्य निर्वाह निधी, आयकर, उचल, गैरहजेरी, लेखी संमतीने संघटनेची वर्गणी किंवा पंतप्रधान मदत निधी, अशी ती यादी आहे आणि तिच्यात राजकीय पक्षाचा निधी नाही. पूर-दुष्काळाच्या वेळी एक दिवसाचा पगार मदतनिधीला देण्याचे परिपत्रक बहुतेक नोकरदारांनी पाहिलेले असते आणि ‘ऐच्छिक’ म्हणून आलेल्या त्या कागदावर नकार लिहिताना किती जण कचरतात, हेही त्यांना ठाऊक असते. पगारपत्रकात पक्षासाठी रकाना नसणे म्हणजे नकार देण्याची वेळच येऊ न देणे होय. अर्थात पगार बँकेत जमा झाल्यानंतर साहेबांनी समोर ठेवलेले पावतीपुस्तक या कायद्याच्या टप्प्यात येत नाही.

पगारदाराची देणगी अलीकडे अचानक प्रकाशात आली ती निवडणुकीमुळे नाही, आयकरामुळे. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ८० जीजीसी २००३मध्ये घालण्यात आले. त्यानुसार व्यक्तीने नोंदणीकृत राजकीय पक्षाला दिलेली संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. रोख देणगीला ही सवलत नाही आणि नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यालाही ती मिळत नाही. पक्ष नोंदणीकृत असला की पुरे, त्याला मान्यता किंवा निवडून आलेला एखादा सदस्य असण्याची अट नाही, आणि गैरव्यवहाराला दार उघडले ते येथेच. समजा, जुन्या प्रणालीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या एका कर्मचाऱ्याने कोणी कधी नाव न ऐकलेल्या पक्षाच्या खात्यात एक लाख रुपये ऑनलाइन भरले. पक्षाने पाच हजार ठेवून पंचाण्णव हजार रोखीने परत केले. विवरणपत्रात एक लाखाची वजावट दाखवल्यामुळे उपकरासह ३१,२०० रुपयांचा कर वाचला. कर्मचाऱ्याच्या पदरी २६,२०० रुपये पडले, पक्षाच्या चालकाला पाच हजार मिळाले आणि त्या पक्षाने एकही पत्रक छापले नाही. देणगी हा शब्द येथे पावतीपुरताच उरतो.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ रोजी जाहीर केले की अशा खोट्या वजावटींच्या शोधात देशभर दीडशे ठिकाणी तपासणी सुरू झाली आहे, आणि ज्या राज्यांत हे प्रकार आढळले त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. राजकीय देणग्यांबरोबर घरभाडे, वैद्यकीय विमा, शैक्षणिक कर्ज यांच्या वजावटींचाही त्यात समावेश होता, आणि असे दावे करणाऱ्यांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, शासकीय संस्था व शैक्षणिक संस्था यांतील कर्मचारी होते. मंडळाच्या म्हणण्याप्रमाणे त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे दावे मागे घेतले. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने सलग सहा वर्षे निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष ऑगस्टमध्ये आणि ४७४ पक्ष सप्टेंबरमध्ये यादीतून काढून टाकले. यात एक विसंगती आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शासकीय कर्मचाऱ्याने राजकीय देणगीची वजावट मागितली असेल तर तो दावा खोटा ठरला तरी तो अडचणीत येतो आणि खरा ठरला तरी येतो, कारण खरी देणगी हाच वर्तणूक नियमांचा भंग आहे. आयकर खाते आणि त्याचे स्वतःचे खाते यांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण केली, तर त्याला दोन्हीकडे उत्तर द्यावे लागेल.

स्थानिक पातळीवर कोणी कोणाला पैसे दिले हे पाहण्याची एक जागा सामान्य मतदारालाही खुली आहे, पण तिचा उपयोग फारसा होत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाख आणि महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला पंचाण्णव लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, त्यासाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर तीस दिवसांत सगळा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. त्या हिशेबात खर्चाच्या जोडीला पैसा कोठून आला याचेही विवरण असते: स्वतःचा किती, पक्षाकडून किती, आणि इतर व्यक्ती वा संस्थांकडून किती, नावांसह. अमरावती किंवा अकोला जिल्हाधिकारी कार्यालयात एक रुपया शुल्क भरून कोणालाही हा हिशेब पाहता येतो आणि ठरावीक शुल्कात त्याच्या साक्षांकित प्रती मिळतात. प्रचारगाड्या, मंडप, खुर्च्या, चहा-नाश्ता यांच्या दरांवर निरीक्षक बारीक नजर ठेवतात आणि निवडणूक यंत्रणेने स्वतंत्रपणे ठेवलेल्या खर्चाच्या ‘सावली नोंदवही’शी ताडून पाहतात. ‘इतर व्यक्तीं’च्या त्या यादीतील दहा नावे एकाच संस्थेच्या हजेरीपटावरही आहेत का, हे तपासण्याचे काम मात्र कोणाकडे सोपवलेले नाही.

विधान परिषदेच्या अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघात तेवढीही सोय नाही. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांतील माध्यमिक व त्यावरील स्तरावर किमान तीन वर्षे अध्यापन केलेले शिक्षक येथे मतदार असतात. म्हणजे ज्या निवडणुकीतला जवळजवळ प्रत्येक मतदार पगारदार आहे, अशी ही निवडणूक. पक्षांइतक्याच शिक्षक संघटना येथे प्रबळ असतात. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघासारख्या संघटनेने अनेक निवडणुका आपल्या सभासदांच्या बळावर लढवल्या, आणि डिसेंबर २०२०मध्ये किरण सरनाईक हे अपक्ष उमेदवार येथून निवडून आले. खासगी शाळांतील शिक्षकांना निवडणूक लढवण्याची सवलत १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीने दिलेली आहे, त्यामुळे उमेदवार, मतदार आणि वर्गणीदार हे एकाच शिक्षक-खोलीतले असू शकतात. शिवाय मतदारांपैकी अनेकांची शाळा ज्या संस्थेची आहे, तिचा चालकही उमेदवार असू शकतो. परंतु लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील निवडणूक खर्चाचे प्रकरण, त्यातीलच कलम ७६ नुसार, केवळ लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांना लागू आहे. परिषदेच्या उमेदवारावर खर्चाची मर्यादा नाही आणि हिशेब सादर करण्याचे बंधनही नाही. अपक्षाला पक्षाप्रमाणे देणगीदारांची यादीही द्यावी लागत नाही. सरनाईक यांची मुदत २०२६च्या डिसेंबरात संपते, आणि त्या जागेच्या निवडणुकीत शिक्षकांच्या पगारातून किती पैसा कोणाच्या प्रचाराला गेला, तो त्यांनी आपणहून दिला की संस्थाचालकाच्या शब्दाखातर, हे नोंदवणारा कागद सध्याच्या कायद्यात कोठेही तयार होत नाही.